गेटिसबर्गला शिकायला येताय? चार जुलैपासून सुरुवात करा

दर वर्षी एप्रिलच्या सुमारास, प्रवेशाची पत्रं हातात पडली की मला फोन सुरू होतात. कोणाची मावसबहीण असते, कोणाच्या क्लासमधला मुलगा. "ताई, गेटिसबर्ग कसं आहे? गावात काही आहे का?" गेल्या खेपेला एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "ते लढाईचं गाव ना? मग पोरगा तिथं शिकणार काय?" तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढते.

मी वाईची. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग कॉलेजात चार वर्षं अर्थशास्त्र शिकले. इतिहासाशी माझा संबंध दहावीपुरता. कॉलेजनं बऱ्यापैकी शिष्यवृत्ती दिली म्हणून गेले. गाव बघून कोणी जात नाही. सात हजार वस्ती. पाऊण तासात या टोकाकडून त्या टोकाला चालत जाता येतं. मला त्याचं काही वाटलं नाही, पण पुण्या-मुंबईची मुलं पहिल्या महिन्यात रडकुंडीला येतात, हे डोळ्यांनी पाहिलंय.

आधी नाव नीट घ्यायला शिका. बाहेरचे लोक 'गेटीझबर्ग' म्हणतात. गावातले 'गेटिस्बर्ग' म्हणतात, मधला स स्वच्छ. केशकर्तनालयात, बँकेत, कुठेही 'झ' म्हणालात की समोरचा ओळखतो, हा प्रवासी. जेम्स गेटिस नावाच्या माणसानं १७८६ मध्ये वडिलांच्या जमिनीवर प्लॉट पाडून हे गाव वसवलं. वडील सॅम्युएल यांची खाणावळ १७६१ पासूनची. आपल्याकडे पानिपत झालं त्याच वर्षी इथं एक माणूस वाटसरूंना भाकरतुकडा विकायला बसला होता, हे कळलं तेव्हा मला उगाच गंमत वाटली.

लढाई उरकून घेते, कारण ती तुम्हाला कोणीही सांगेल. अमेरिकेच्या यादवी युद्धातली, १ ते ३ जुलै १८६३. गुलामगिरी टिकवायला देशातून फुटलेली दक्षिणेची राज्यं एका बाजूला, उत्तरेची दुसऱ्या. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली, उत्तरेचा जॉर्ज मीड. मीडला सेनापतिपद मिळून जेमतेम तीन दिवस झाले होते. गावात दहा रस्ते येऊन मिळतात, म्हणून दोन्ही फौजा इथं एकमेकींवर आदळल्या. त्यातही दक्षिणेची फौज उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून आली, उत्तरेची दक्षिणेकडून; पहिल्यांदा नकाशा बघताना डोकं गरगरतं, ते तुमचं एकट्याचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लीनं साधारण साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून चालत तोफांसमोर पाठवली. निम्मी परतली नाहीत. ली हरला. आणखी एक: ५१ हजार हा आकडा सगळीकडे दिसेल. तो मेलेल्यांचा नाही. मेलेले, जखमी, पकडलेले, बेपत्ता असे सगळे मिळून तेवढे. वर्गात हे चुकलात तर प्राध्यापक काही बोलत नाहीत, नुसतं बघतात, आणि ते जास्त वाईट.

माझं गावाशी खरं नातं जुळलं ते आईमुळे, तेही फोनवर.

पहिल्या सत्रात आम्हाला बाल्टिमोर स्ट्रीटवरच्या जेनी वेडच्या घरात नेलं होतं. जेनी वीस वर्षांची. बहीण नुकतीच बाळंत झालेली, म्हणून ती आणि आई बहिणीच्या या घरी राहायला आलेल्या. ३ जुलैच्या सकाळी ती शिपायांसाठी पावाची कणीक मळत उभी होती. एक गोळी बाहेरचं दार भेदून, आतलं दार भेदून तिच्या पाठीत लागली. लढाईत थेट गोळी लागून मेलेली गावातली ती एकटीच. दाराला ते भोक अजून आहे, साधारण बोट जाईल एवढं. लग्न न झालेल्या मुलीनं अनामिका त्यात घातली की लवकर मागणी येते, अशी समजूत आहे. आमच्यातल्या चौघींनी घातली. मी घातली नाही, पण घालावीशी वाटली होती, खोटं कशाला बोलू.

रात्री आईला हे सगळं सांगितलं. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आणि त्या कणकेचं काय झालं गं?"

मला माहीत नव्हतं. आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी भोकाचे फोटो काढले होते, कणकेचं कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, जेनीच्या आईनं त्याच कणकेचे पंधरा पाव भाजले.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला हेच सांगते. तीन दिवस पाठ करू नका. चौथ्या दिवसापासून वाचायला घ्या, गाव तिथून कळायला लागतं.

कारण चौथ्या दिवशी फौजा निघाल्या. गावात माणसं २४००, म्हणजे आज कॉलेजात जेवढे विद्यार्थी असतात साधारण तेवढीच, आणि मागे राहिलेले जखमी २१ हजारांच्या आसपास. वर हजारो मेलेले घोडे, पाऊस आणि जुलैचा उकाडा. चर्च, कोठार, घर, जिथं छप्पर तिथं दवाखाना. तुमच्या कॉलेजची पांढऱ्या खांबांची जुनी इमारत, पेनसिल्व्हेनिया हॉल, तीही दवाखानाच झाली होती. आज आवारात सगळे रस्ते तिच्याच बाजूनं जातात. बायका नाकाशी पेपरमिंटच्या तेलाची बाटली धरून रस्त्यानं चालायच्या, असं त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. आवारात चालताना हे रोज आठवत नाही. आठवूही नये, नाहीतर अभ्यास होणार नाही. पण एकदा माहीत असावं.

मग प्रेतं. सुरुवातीला जिथं पडला तिथं वीतभर मातीखाली, असं पुरणं झालं होतं. नंतर उत्तरेच्या शिपायांसाठी राष्ट्रीय दफनभूमी करायचं ठरलं, वकील डेव्हिड विल्स यांनी पुढाकार घेतला आणि चक्क निविदा निघाल्या. ३४ आल्या. सगळ्यांत कमी दर प्रेतामागे १ डॉलर ५९ सेंट, तो मंजूर झाला. प्रत्यक्ष उकरण्याचं काम बेसिल बिग्ज या काळ्या शेतकऱ्यानं आपली माणसं घेऊन केलं. अर्थशास्त्राच्या वर्गात निविदा म्हणजे काय हे मी तीन पुस्तकांतून शिकले होते, पण डोक्यात बसली ती ही.

याच दफनभूमीच्या समारंभाला १९ नोव्हेंबर १८६३ ला राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन आले. आदल्या रात्री चौकातल्या विल्स यांच्या घरी मुक्काम. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट, ते दोन तास बोलले. लिंकन दोन-तीन मिनिटं. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेज गावातून चालवत त्या दफनभूमीत नेतं आणि तिथं लिंकन यांचं ते भाषण वाचलं जातं. ही चाल चुकवू नका. इतर कार्यक्रम चुकवलेत तर चालेल, तिथं पिझ्झाच असतो. आत गेलात की मोठ्या खांबाकडे बघू नका, खाली बघा. गवतात चौकोनी संगमरवरी ठोकळे रोवलेत, तळहाताएवढे, त्यांवर नुसते आकडे. ज्यांचं नावच कळलं नाही, असे जवळजवळ हजार.

मात्र बिग्ज तिथं नाही. तो लाँग लेनवरच्या लिंकन दफनभूमीत आहे, काळ्या लोकांच्या. देशासाठी लढलेले गावातले काळे शिपाईही बहुतेक तिथंच. कॉलेजपासून चालत थोडंच अंतर, पण प्रवाशांच्या बस तिकडे वळत नाहीत. गुलामगिरीची हद्द, ती मेसन-डिक्सन रेघ, इथून दक्षिणेला अगदी जवळ. त्यामुळे गावात मोकळ्या काळ्या लोकांची चांगली वस्ती होती. लीची फौज येतेय कळल्यावर त्यांतले कित्येक पळाले, कारण ती फौज सापडलेल्या काळ्या माणसांना धरून दक्षिणेत गुलामीत पाठवत होती. पळालेल्यांत अब्राहम ब्रायन एक. बारा एकरवाला शेतकरी. त्याचं इवलंसं पांढरं घर अजून टेकडीवर उभं आहे, साडेबारा हजार माणसं चालत आली त्या शेताच्या अगदी वरच्या टोकाला. परत आला तेव्हा कुंपण नाही, पीक नाही. त्यानं हजार डॉलरवर नुकसानभरपाई मागितली. हातात आले १५.

माझा तिसऱ्या वर्षाचा निबंध याच भरपाईच्या अर्जांवर होता. विषय शोधत असाल तर हा खजिना आहे: किती गठ्ठे गवत, किती कुंपणाचे वासे, कोणती गाय. लढाईची भव्य चित्रं बघून जे कळत नाही ते एका गायीच्या किमतीवरून कळतं. बहुतेक अर्जदारांना काही मिळालं नाही, हेही आलंच.

आता गावाचा स्वभाव. गाव त्या तीन दिवसांवर जगतं आणि त्याला त्याचा थोडा वैतागही आहे. तेराशेवर स्मारकं, सहा हजार एकरांवर राष्ट्रीय उद्यान. त्याला खेटून फज नावाची मिठाई, टी-शर्ट आणि कंदील घेऊन भुतं दाखवायला नेणाऱ्या सहली. भुतांचा धंदा मला पटत नाही. ज्या गल्लीत खरोखर माणसं तडफडली तिथं तिकीट लावून किंचाळ्या ऐकवायच्या, हे काही बरं नव्हे. पण गल्लीतल्या मुलांची उन्हाळी कमाई त्यातून होते, तेव्हा मी तोंड मिटून असते. गाव सगळंच विकू देतं असंही नाही. १९७४ मध्ये कोणी खासगी माणसानं रणांगणाच्या कडेला ३०७ फुटी लोखंडी मनोरा बांधला होता. तो ३ जुलै २००० ला, तारीख बघा, स्फोटानं पाडला. जवळ कॅसिनो करायचे दोन प्रयत्न झाले, दोन्ही फेटाळले गेले.

ज्यांना इतिहासाच्याच वाटेनं जायचंय त्यांनी इथले परवानाधारक मार्गदर्शक बघावेत. ही पद्धत १९१५ पासून आहे. आधी लेखी परीक्षा, मग तोंडी, आणि दोन्हींत गळणारे पुष्कळ. ते तुमचीच गाडी स्वतः चालवतात आणि दोन तास फिरवतात. चारजणांत पैसे वाटून एकदा तरी घ्या. आमच्या मार्गदर्शकानं वाटेत गाडी थांबवून एक साधं झाडांचं बेट दाखवलं. लीची माणसं ज्या झाडांच्या रोखानं चालली ती ही झाडं. लढाईनंतर ही जमीन कोणी घेतली? बेसिल बिग्जनं. तो ती झाडं तोडत होता, इतिहासकार बॅचेल्डर यांनी त्याला थांबवलं, म्हणून ती राहिली. बिग्जच्या बाजूनं विचार केला तर त्यात काय चुकलं? झाड त्याचं, जमीन त्याची.

पैशांचं बोलू. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सत्र चालू असताना आवारातच काम, आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास. मला पहिल्याच वर्षी गावातल्या एका दुकानानं शनिवार-रविवारसाठी विचारलं आणि मी 'येते' म्हणून बसले. नशीब की सहज आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात बोलले. तिथल्या बाईंनी हातातला पेन खाली ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. आवाराबाहेर रीतसर परवानगीशिवाय एक तासही नाही, मालक कितीही म्हणो 'रोखीनं देतो'. त्या दुकानात पुन्हा जाताना मला दोन वर्षं लाज वाटत होती.

गावाला प्रवासी रेल्वे नाही. लिंकन उतरले ते स्टेशन आहे, नुसतं बघायला. जवळची गाडी हॅरिसबर्गहून, चाळीस मैलांवर. डाळ-तांदूळही तिकडूनच, त्यामुळे गाडी असलेल्या सीनियरशी सुरुवातीलाच दोस्ती करा. जानेवारीत अर्धी दुकानं बंद आणि गाव सुनं, तेव्हा जपा. ऑक्टोबरात मात्र बाहेर पडा. हा सफरचंदांचा जिल्हा आहे, बागा गावाच्या उत्तरेला सुरू होतात. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं शेतही बघून घ्या. डिसेंबर १९५६ मध्ये ते नेहरूंना इथं घेऊन आले होते. आमच्या आजोबांना मी हे सांगितलं तेव्हापासून त्यांच्या लेखी गेटिसबर्ग मोठं गाव झालं.

पदवीदानाला आई आली. दोन दिवस फिरवलं. एव्हरग्रीन दफनभूमीत एक पुतळा आहे, तिथं ती थांबली: कपाळाचा घाम पुसत फावड्याला टेकलेली गर्भार बाई. मी सांगितलं, ही एलिझाबेथ थॉर्न. दफनभूमीच्या रखवालदाराची बायको. सहावा महिना होता. लढाई संपल्यावर हिनं आणि हिच्या म्हाताऱ्या वडिलांनी त्या उन्हात शंभरावर शिपाई पुरले.

आईनं पुतळ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आणि नवरा कुठे होता?"

"फौजेत. दुसरीकडेच तैनात होता."

"वाटलंच," आई म्हणाली, आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्या चौथऱ्याच्या कडेला बसली.