नववी-दहावीत स्वतःची आठवण कशी लिहायची (निबंध न होऊ देता)

शाळेत आपण छत्रीचं आत्मकथन लिहितो, फाटक्या पुस्तकाचं लिहितो, नदीचं पण लिहितो, स्वतःचं मात्र कोणी लिहायला सांगत नाही आणि मग एक दिवस वार्षिक अंकासाठी किंवा कुठल्यातरी स्पर्धेसाठी "तुमच्या आयुष्यातली एक आठवण, ५०० ते ७०० शब्द" असं येतं आणि सगळ्यांचा हात एकदम गाइडकडे जातो. "बालपण किती रम्य असते!" इथून सुरुवात आणि शेवटी एक सुविचार. अशी वीस पानं ओळीने वाचली तर कुठलं कोणाचं ते सांगता येत नाही.

तर पहिलं काम, विषय बारीक करा. "माझं बालपण" हा विषय नाही, "माझे आजोबा" पण नाही, ७०० शब्दांत आजोबा मावत नाहीत. आजोबांनी दवाखान्यातून गुपचूप रिक्षा करून घरी यायचं ठरवलं ती दुपार, हे मावतं. साने गुरुजींची श्यामची आई आठवा, नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली. त्यात एका रात्रीला एक प्रसंग आहे. पोहण्याचा घ्या, मुलगा पाण्याला घाबरून लपतो, आई त्याला मारून विहिरीवर पाठवते आणि नंतर त्याच्या पाठीवरचे वळ बघून तिलाच रडू येतं. बस, एवढंच. आई कशी होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रसंग कसा शोधायचा? मोठा, दुःखद, ट्रॉफी मिळाली वगैरे शोधू नका. सरळ एक कागद घ्या आणि खोटं बोललो तेव्हा, कोणाची लाज वाटली तेव्हा, घर बदललं तेव्हा, मित्राशी बोलणं बंद झालं तेव्हा, अशी एकेका ओळीची यादी करा. ज्या ओळीवर "हे नको, घरचे वाचतील" असं वाटलं ना, ती बहुतेक कामाची. (घरच्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.)

आता उदाहरण घेऊ. आत्ता हायस्कूलला असलेली बरीच मुलं २०२० मध्ये प्राथमिकला होती, त्यामुळे लॉकडाऊन हमखास येतो. निबंधात तो असा येतो: "लॉकडाऊनने आम्हाला कुटुंबाचे महत्त्व शिकवले. आम्ही सर्व एकत्र आलो." आता हे बघा:

"घरात मोबाईल एकच, तो पण बाबांचा. नऊला ताईचं लेक्चर आणि नऊलाच माझं. ताई दहावीला म्हणून मोबाईल तिला. मी बाईंना मेसेज केला, नेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, नेमका लेक्चरच्या मधेच, आणि उचलला ताईने. खरं तर मला ते लेक्चर नकोच होतं."

यात महत्त्व बिहत्त्व काही नाही, तरी घर दिसतं, पैशाची ओढाताण दिसते, ताईचा मान दिसतो आणि शेवटच्या वाक्यात लिहिणारा पकडला जातो. ते शेवटचं वाक्य निबंधात कधीच आलं नसतं कारण निबंधात आपण सगळे गुणी असतो. आठवणीत एक तरी जागा अशी पाहिजे जिथे तुम्ही शहाणे दिसत नाही. नाहीतर वाचणाऱ्याला विश्वास कसा बसणार?

लिहायला बसलात की थेट मधून सुरू करा. हवामान, गावाचं वर्णन, "मी एका मध्यमवर्गीय कुटुंबात" हे काही नको, लागेल ती माहिती मधे मधे येऊ दे. पहिला ड्राफ्ट झाला की पहिला परिच्छेद झाकून वाचा, दहातल्या आठ वेळा दुसऱ्यापासूनच चांगलं सुरू होतं, मग पहिला उडवा. शेवटच्या परिच्छेदाला पण हीच टेस्ट.

भाषा घरची ठेवा. आजी मालवणीत बोलत असेल तर तिच्या तोंडी मालवणीच, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, तिला पुस्तकी मराठी बोलायला लावलं की आजी मेलीच समजा. बाकीचा मजकूर पण तुम्ही बोलता तसा चालतो, "मी गेलो होतो, मी पाहिले होते" असं ओढून ताणून नको. फक्त एक बघा, बोलणं कमी आणि नेमकं. लोक प्रत्यक्षात जेवढं बोलतात तेवढं सगळं लिहिलं तर पान संपतं. आणि भावनांची नावं कमी घ्या. "मला खूप वाईट वाटले" ऐवजी तुम्ही तेव्हा काय केलंत, जेवला नाहीत, दप्तर उगाच दोनदा भरलंत, ते लिहा.

तपासून घ्या हं. आठवण आहे म्हणून काहीही चालत नाही. थाळ्या वाजवल्या तो २२ मार्च २०२०, रविवार होता, त्या दिवशी तुम्ही शाळेतून घरी आलात असं लिहिलं तर कोणीतरी पकडणारच. फोनमधल्या जुन्या फोटोंवर तारीख असते, आईला विचारा, भावाला विचारा. भाऊ म्हणेल "असं नव्हतंच झालं". भांडू नका, तेही लिहा, दोघांची आठवण वेगळी असणं उलट मजेशीर असतं.

घरच्यांचा प्रश्न. तुमच्याबद्दल काय लिहायचं तो तुमचा हक्क, पण मैत्रिणीचं गुपित, काकांचं कर्ज, कोणाचं आजारपण, हे त्यांचं आहे. नाव बदला, शाळा-गल्ली ओळखू येईल असं काढून टाका आणि छापायला द्यायच्या आधी त्या माणसाला वाचून दाखवा. नको म्हणाले तर दुसरा प्रसंग घ्या, यादी आहेच. आणि फारच ताजं, अजून झोप उडवणारं काही असेल तर ते डायरीत ठेवा, स्पर्धेला पाठवू नका.

चॅटजीपीटीला "सुंदर करून दे" म्हणू नका, ते परत "बालपण रम्य असते" वर आणून ठेवतं. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनमध्ये मराठी व्हॉइस टायपिंग लावा आणि मित्राला सांगतोय असं बोलून टाका, विरामचिन्हं मागाहून घाला. झालं की दोन दिवस बघू नका, मग मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. शीर्षक सगळ्यात शेवटी द्या, आणि "अविस्मरणीय" हा शब्द असेल तर दुसरं शोधा.