पायथनमध्ये फंक्शनला फंक्शन जोडता येत नाहीये? या चुका टाळा

एकेकटं फंक्शन मस्त चालते, पण दोन जोडले, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं, की प्रोग्राम बोंबलते. नवीन पोरांचं हे ठरलेलं रडगाणं, आणि कारण बहुतेक वेळा एकच, रिटर्नच्या (उत्तर परत देणाऱ्या शब्दाच्या) जागी प्रिंट (फक्त स्क्रीनवर दाखवणारं) लिहिलेलं.

मे महिन्यातलं आपलं नागपूरचं ४५ डिग्री घ्या, फॅरनहाइटमध्ये करायचं आहे. आधी ९ नं गुणून ५ नं भागायचं, मग ३२ मिळवायचे. दोन फंक्शन करा, गुण आणि मिळव (पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, आकडे मात्र इंग्रजीच टाका नाहीतर सिंटॅक्स एरर). आता गुणमध्ये शेवटी प्रिंट केलं तर स्क्रीनवर ८१.० दिसते, पोरगं खुश. मग मिळव(गुण(४५)) चालवलं की ८१.० पुन्हा दिसते आणि त्याच्याखाली टाइपएरर, नन-टाइपच्या नावानं (नन म्हणजे पायथनचं 'काहीच नाही'). एरर मिळवमधली लाइन दाखवते म्हणून लोकं तेच फंक्शन उकरत बसतात, अन तिथे चूकच नसते! प्रिंटनं आकडा फक्त तुम्हाला दाखवला, पुढच्या फंक्शनला काही दिलंच नाही, रिटर्न नसलं की पायथन गुपचूप नन देते, आता ननमध्ये ३२ कसे मिळवणार भाऊ?

दुसरी चूक जास्त बेकार, कारण एरर येतच नाही. आतलं फंक्शन आधी चालते, पण आपण वाचतो डावीकडून, म्हणून गुण(मिळव(४५)) लिहून मोकळे. उत्तर येते १३८.६, पाहिजे होतं ११३. नागपूर कितीही तापलं तरी एवढं नाही तापत. म्हणून उत्तर आधीच माहीत असलेले आकडे टाकून पाहा, ० चे ३२ आणि १०० चे २१२ आले पाहिजे, आणि तरी गडबड असली तर आतल्या फंक्शनचं उत्तर वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेऊन छापून पाहा, काहून की एकाच लाइनीत सगळं कोंबलं की चूक कुठं आहे ते कळतच नाही.

आठवड्याची सरासरी काढताना फक्त पहिल्याच दिवसाचा हिशोब होऊन राहिला असेल तर रिटर्न फॉर लूपच्या आत गेलंय, त्याला बाहेर काढा. आणि उत्तराच्या जागी 'फंक्शन अमुक अ‍ॅट' असं काहीतरी छापून आलं तर फंक्शनच्या नावापुढचे कंस विसरलात, बस.

फंक्शनच्या डिफॉल्टमध्ये (काही दिलं नाही तर वापरायच्या किमतीत) रिकामी लिस्ट देऊ नका. ती डेफ (फंक्शन बनवणारी ओळ) चालते तेव्हा एकदाच बनते, त्यामुळे सोमवारचं तापमान मंगळवारच्या यादीतही सापडते. डिफॉल्ट नन ठेवा, आत तपासा आणि नवीन लिस्ट तिथेच बनवा.