जर्मनीत विद्यार्थी परमिटची मुदत कशी वाढवावी: अपॉइंटमेंटची वाट न पाहता अर्ज करा

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना मुदतवाढीबद्दल सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला म्हणजे, "परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळाली ना? मग झालं, निवांत राहा." हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्यावर विसंबून मी पाच आठवड्यांचा पगार घालवला आहे. त्यानंतर माझ्या स्वतःच्या दोन मुदतवाढी झाल्या आणि ओळखीतल्या दहा-बारा मुलामुलींच्या फायली मी शेजारी बसून लावून दिल्या. एकाचंही काम अडलं नाही, कारण खाली सांगितलेली एक गोष्ट, म्हणजे मुदत संपण्याआधी अर्ज पाठवणं, आम्ही प्रत्येक वेळी आधी उरकली.

आपण सगळे 'व्हिसा वाढवणं' म्हणतो. खरं तर भारतातून पासपोर्टवर चिकटवून आणलेला व्हिसा सुरुवातीच्या काळापुरता असतो. इथे आल्यावर मिळतं ते परदेशी नागरिकांच्या निवास कायद्याच्या कलम १६ब खालचं निवास परमिट, म्हणजे आपलं कार्ड. मुदत वाढवायची ती याची. व्हिसावरून पहिल्यांदा कार्ड करून घेणाऱ्यांनाही खालचं सगळं लागू आहे.

कागद

यादी तुमच्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाच्या, म्हणजे आउसलेंडरबेह्योर्डेच्या, संकेतस्थळावर असते. तीच पाहा, दुसऱ्या शहरातल्या मित्राची नको. पासपोर्ट, चालू सत्राचं नोंदणीपत्र, आरोग्य विम्याचं पत्र, पत्त्याची नोंद, पैशांचा पुरावा हे सगळीकडे लागतंच. मे २०२५ पासून कागदी फोटो चालत नाहीत, डिजिटल फोटोच लागतो.

जिथे आपली माणसं अडकतात अशा काही जागा मात्र सांगते.

पासपोर्ट जिथे संपतो, त्यापुढची तारीख कार्डावर कोणी घालत नाही. वर्षभरात संपणार असेल तर आधी तो नवा करून घ्या. बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्ग यांपैकी तुमच्या भागाचं वाणिज्य दूतावास ते काम करतं.

आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, लग्नानंतर बदललं असेल तर नवऱ्याचं. जर्मन कार्यालय ते दोन्ही मिळून तुमचं नाव समजतं. पण बँकेत फक्त पहिलं नाव, विमा कंपनीकडे पूर्ण नाव, युनिव्हर्सिटीत आणखी तिसराच प्रकार, असं होऊन बसतं. सगळीकडे पासपोर्टाप्रमाणे नाव करून घ्या. मी फाइल लावून न दिलेल्या, ओळखीतल्या एका मुलीची फाइल केवळ एवढ्यासाठी परत आली आणि महिनाभर रखडली होती.

बहुतेक विद्यापीठांत सत्र संपतं ३१ मार्चला किंवा ३० सप्टेंबरला, आणि पुष्कळांचं कार्डही त्याच सुमारास संपतं. म्हणून पुढच्या सत्राची फी भरायची मुदत सुरू होताच ती भरा. पुढच्या सत्राचं नोंदणीपत्र हातात असलं की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

पैसे

२०२४ च्या सप्टेंबरपासून राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो धरले जातात. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं, हा एकच मार्ग नव्हे. शिष्यवृत्ती चालते, जर्मनीत राहणाऱ्या कुणी अधिकृत हमीपत्र दिलं तर तेही चालतं, आणि नोकरी करत असाल तर करारपत्र व अलीकडच्या पगारपत्रकांचा विचार होतो. घरच्यांना उगाच पुन्हा कर्ज काढायला लावण्याआधी आपली पगारपत्रकं मोजा.

"चार दिवसांसाठी मित्रांकडून पैसे घे, खात्यात दाखव आणि परत कर," असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. परमिटसाठी खोटी माहिती देणं हा या कायद्यात गुन्हा आहे. पकडलं गेलं तर जाईल ते तुमचं शिक्षण, सल्ला देणाऱ्याचं नाही.

पगारपत्रकातून कामाचे दिवसही दिसतात. १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मर्यादा आहे. जास्त काम झालं असेल तर ते मुदतवाढीच्या वेळीच उघड होतं. तेव्हा हिशेब वर्षभर लिहून ठेवा.

अर्ज: खरी अडचण इथे आहे

हा भाग दोनदा वाचा.

माझं कार्ड ३१ मार्चला संपत होतं. फेब्रुवारीपासून मी रोज सकाळी अपॉइंटमेंटचं पान उघडत होते. शेवटी ६ मेची तारीख मिळाली आणि मी सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांनी सांगितलं होतं की बुकिंगचा ईमेल जवळ असला की पुरे. १ एप्रिलला कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने विचारलं, "तुमचं परमिट काल संपलं, नवीन कुठे आहे?" मी बुकिंगचा ईमेल दाखवला. त्यांनी शांतपणे सांगितलं की यावर आम्ही तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही. ते बरोबरच होते. परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर दंड त्यांना होतो. पाच आठवडे मी घरी बसले, भाडं बहिणीकडून घेतलं, आणि मेमध्ये सांगलीला चुलतभावाच्या लग्नाला जाण्याचं तिकीट रद्द केलं.

युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी सल्ला केंद्रातल्या बाईंनी माझी सगळी कहाणी ऐकून एकच प्रश्न विचारला: "अर्ज कोणत्या तारखेला केलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अर्ज केलाच नव्हता. मी फक्त भेटीची वेळ घेतली होती.

फरक इथे आहे. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या परिच्छेदानुसार, जुनं परमिट संपण्याआधी तुम्ही मुदतवाढीचा अर्ज केलात तर निर्णय होईपर्यंत ते जुनं परमिट चालू आहे असंच कायदा मानतो. राहण्याचा हक्क चालू आणि कामाचाही चालू. हे संरक्षण अर्जाने मिळतं. कार्यालयाने तुम्हाला तीन महिन्यांनी बोलावलं तरी तुमचं काही बिघडत नाही. पण अर्जच मुदतीनंतर गेला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. मग अधिकाऱ्याने कठीण परिस्थिती लक्षात घेऊन ते द्यायचं ठरवलं तर ठरवलं. मला मेमध्ये तसं मिळालं, पण त्याच्यावर भरवसा ठेवून कुणी बसू नये.

म्हणून असं करा. मुदत संपायच्या तीन महिने आधी अर्ज पाठवा. शहराचा ऑनलाइन फॉर्म असेल तर तो भरा, आणि शेवटच्या पानाची तारखेसकट पीडीएफ उतरवून घ्या. फॉर्म नसेल तर कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर जर्मनमध्ये चार ओळी पुरतात: नाव, जन्मतारीख, कार्ड क्रमांक, कार्ड कधी संपतं, कलम १६ब खाली शिक्षणासाठी मुदतवाढीचा अर्ज करत आहे, आणि कलम ८१ परिच्छेद ४ प्रमाणे अर्जाचा दाखला द्यावा. असतील ते कागद एकाच पीडीएफमध्ये जोडा. एखादा कागद यायचा असेल तर तसं लिहा आणि अर्ज पाठवून द्या. अर्धवट पण वेळेत गेलेला अर्ज मागाहून पूर्ण करता येतो, उशिरा गेलेल्याची तारीख मागे नेता येत नाही.

ईमेल पोचल्याचं उत्तर आठवडाभरात आलं नाही तर तोच अर्ज छापून, सही करून रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. शेवटचे दोन-तीनच दिवस उरले असतील तर कार्यालयाच्या पत्रपेटीत स्वतः टाका, सोबत एखाद्याला न्या आणि पाकिटाचा व कागदाचा फोटो काढा. हे मला अति वाटत नाही. तारखेचा पुरावा हीच इथली सगळी कमाई आहे.

अपॉइंटमेंट विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. जे संरक्षण हवं ते अर्जाने फुकट मिळतं.

दाखला हातात घेताना

कार्यालयाने जो तात्पुरता कागद द्यायचा असतो त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. आपली मुलं त्याला नुसतं 'फिक्शन' म्हणतात. फी १३ युरो. हक्क अर्जाने मिळालेला असतोच, पण घरमालक, बँक आणि कंपनी कागद मागतात, म्हणून तो मागून घ्याच.

तो घेतल्यावर खिडकीवरून हलायच्या आधी वाचा. आत तीन चौकोन असतात. तुमच्या बाबतीत तिसऱ्यावर खूण हवी: परमिट पुढे चालू असल्याचं मानलं जातं, कलम ८१ परिच्छेद ४. त्या खुणेवर, पासपोर्ट आणि संपलेलं कार्ड सोबत घेऊन, भारतात जाऊन परत येता येतं. वेगळ्या चौकोनावर खूण झाली असेल तर तिथल्या तिथे विचारा. त्यासाठी वाद घालावा लागला तरी घाला.

कायद्याने येता येतं, तरी मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने हा कागद कधी पाहिलेला नसतो. मला तिथे पाऊण तास उभं केलं होतं. थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं विमान घ्या, मधल्या देशात बदलायचं टाळा, कार्यालयाच्या संकेतस्थळावरची माहिती छापून न्या आणि चार तास आधी पोचा. जाणं टाळता येत असेल तर कार्ड हातात आल्यावरच जा.

अभ्यास मागे पडला असेल तर

लपवू नका. अभ्यासक्रम वाजवी काळात पूर्ण होईल का, एवढंच अधिकारी बघतो. राहिलेले विषय, थीसिसची तारीख आणि अपेक्षित शेवट लिहिलेलं विभागाचं पत्र न्या. आजारपण झालं असेल तर डॉक्टरांचा कागद न्या. असं पत्र जोडलेल्या फायली मी मंजूर झालेल्या पाहिल्या आहेत, आणि "विचारलं तर सांगू" म्हणून गेलेले दोघे रडवेले होऊन बाहेर आलेले पाहिले आहेत.

भेट, फी, कार्ड

बोटांचे ठसे, सही, मुदतवाढीची फी ९३ युरो (पहिल्यांदा कार्ड करणाऱ्यांना १०० युरो). दहा मिनिटांचं काम आहे.

कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून यायला काही आठवडे लागतात. कार्डाच्या ऑनलाइन वापरासाठीच्या पिनचं पत्र घरी येतं, तेव्हा पत्रपेटीवर तुमचं आडनाव ठळक लावा. भाड्याच्या खोलीत पेटीवर दुसऱ्याचं नाव असेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. शहर बदललं असेल तर फाइलही जुन्या शहरातून नव्या शहरात जावी लागते आणि त्यात आठवडे जातात. त्यामुळे घर बदलल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा आणि अर्ज नव्या शहरातच करा.

कार्ड मिळालं की नाव, जन्मतारीख आणि मुदत तिथेच तपासा. सोबत घडीचा एक कागद देतात, त्यावर कामाच्या दिवसांची अट छापलेली असते. तो फेकू नका, पासपोर्टात ठेवा. पुढची कंपनी कार्डासोबत तोही मागते.