ज्युलियन एल्टिंगवर लिहिताय? मग या चुका टाळा

"अमेरिकेचा बालगंधर्व." हे दोन शब्द पहिल्याच ओळीत दिसले की मी लेख बाजूला ठेवून चहा टाकायला उठते, कारण पुढे काय असणार ते मला पाठ झालंय. दिवाळी अंकांच्या दिवसांत 'ताई, जरा नजर टाकाल का' म्हणून जे लेख येतात, त्यात जुन्या अमेरिकन रंगभूमीवरचे आता बरेच असतात, आणि एल्टिंग, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारा अमेरिकन नट, म्हटलं की ही उपमा ठरलेली.

मोह का होतो ते कळतं. 1911 मध्ये इकडे 'मानापमान'मध्ये बालगंधर्व भामिनी करतायत, त्याच वर्षी तिकडे न्यूयॉर्कला एल्टिंग 'द फॅसिनेटिंग विडो'मध्ये बाई बनून उभा. पुरुष, लुगडं नाहीतर गाऊन, आणि बायका बघून फॅशन उचलतायत. इथपर्यंत साम्य खरंच आहे, एल्टिंगच्या नावाने तर सौंदर्याच्या टिप्सचं मासिक निघायचं आणि कोल्ड क्रीमसुद्धा विकलं जायचं. पण भामिनी नाटकात बाईच आहे हो. ती शेवटी पदर काढून 'मी नारायणराव' असं सांगत नाही. एल्टिंगच्या नाटकात हिरो हॅल ब्लेक नावाचा तरुण असतो, तो मिसेस माँटी बनून वावरतो, आणि हा पुरुष आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं म्हणूनच ते नाटक चालतं. व्हॉडव्हिलच्या, म्हणजे तिकडच्या मिश्र करमणुकीच्या खेळाच्या, आयटममध्ये तर शेवटी विग उतरवणं हाच टाळीचा क्षण. शिवाय आपल्याकडे घरंदाज बाईने स्टेजवर येणं मान्यच नव्हतं म्हणून पुरुष उभे राहिले, न्यूयॉर्कमध्ये तेव्हा नट्यांची काय कमी होती? गरज म्हणून बाई होणं वेगळं आणि करामत म्हणून होणं वेगळं. गाण्याचं तर बोलूच नका, एल्टिंगचा गळा बेताचाच, लोक यायचे ते कपडे आणि चालणं बघायला. उपमा द्यायचीच असेल तर लेखाच्या शेवटी द्या, फरक सांगून झाल्यावर.

व्हॉडव्हिलला तमाशा म्हणू नका. एका खेळात आठ-नऊ वेगवेगळे आयटम, कुत्र्यांची सर्कस, मग गाणारी, मग जादूगार, मग एल्टिंग, प्रत्येकाला दहा-वीस मिनिटं. म्युझिकल कॉमेडी म्हणजे एक गोष्ट आणि त्यात गाणी. एल्टिंग 1904 मध्ये 'मिस्टर विक्स ऑफ विकहॅम' या म्युझिकल कॉमेडीतून ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आला, मग व्हॉडव्हिल, मग पुन्हा नाटक, 1917 ला सिनेमा, परत व्हॉडव्हिल. सरळ जिना नाहीये हा. मी वहीत चार रकाने आखते, साल, थिएटर, प्रकार, पात्राचं नाव, आणि ते भरल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. नवीन मुलांना याचा कंटाळा येतो, पहिल्या लिंकवरून उचललं की झालं त्यांचं.

जन्मसाल 1881 धरा, 1883 दिसलं तरी.

जाहिरातीत त्याचे पुरुषी आणि बायकी फोटो शेजारी-शेजारी छापायचे. खाली 'नायिकेसोबत' अशी ओळ टाकू नका. (एकाने टाकली होती.)

एल्टिंगने टवाळखोरांना ठोसे मारल्याच्या गोष्टी वाचायला मजा येते, पण तो 'खरा मर्द' आहे हे लोकांना पटवायचा तो प्रचार होता, चरित्र म्हणून उतरवून काढू नका.

आता माझीच फजिती. एका वाचनालयात बोलायला गेले होते, स्लाइडवर न्यूयॉर्कच्या 42व्या स्ट्रीटवरच्या एल्टिंग थिएटरचा फोटो, आणि मी ठसक्यात सांगतेय की आपल्या नावाच्या थिएटरात हा माणूस रोज हाउसफुल करायचा. मागच्या रांगेतले एक आजोबा उठले, "बाई, नाटक कुठलं?" मी म्हटलं फॅसिनेटिंग विडो. "ते 1911 चं म्हणालात ना? आणि थिएटर आत्ताच 1912 चं म्हणालात." हॉलमध्ये खसखस. घरी येऊन रकाने भरले तेव्हा कळलं. 'विडो' लागलं होतं त्याच रस्त्यावरच्या लिबर्टी थिएटरात, आणि तिथे प्रयोग झाले फक्त 56. खरा पैसा मिळाला तो गावोगावच्या दौऱ्यांत, आणि निर्माता ए. एच. वुड्सने आपल्या नव्या थिएटरला एल्टिंगचं नाव दिलं. ते उघडलं 11 सप्टेंबर 1912 ला, 'विदिन द लॉ' नावाच्या गुन्हेगारीच्या गंभीर नाटकाने, ते पाचशेच्या वर प्रयोग चाललं, आणि त्यात एल्टिंग नव्हता. त्या स्टेजवर त्याने कधीच काम केलं नाही! म्हणून ब्रॉडवेचे प्रयोग मोजून 'पडलं' किंवा 'गाजलं' ठरवू नका, दौऱ्यावरची कमाई बघा, आपल्या नाटक कंपन्यांचंही तेच होतं. ती इमारत पुढे 1998 मध्ये उचलून सुमारे 170 फूट सरकवली, आता ती मल्टिप्लेक्सची लॉबी आहे.

'व्हॅलेंटिनोबरोबरचा सिनेमा' म्हणून 'आयल ऑफ लव्ह' मिरवू नका. 1920 चा एल्टिंगचा 'ॲन ॲडव्हेंचरेस' व्हॅलेंटिनो हा नट मूकपटांचा स्टार झाल्यावर 1922 मध्ये कापून-जोडून त्याच्या नावावर खपवलाय.

शेवट तर हमखास नाटकी करतात, 'रंगमंचावरच प्राण सोडला' वगैरे. 1940 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या नाइटक्लबमध्ये बायकी कपडे घालायला पोलिसांची बंदी होती, तेव्हा एल्टिंग टक्सिडो, म्हणजे पुरुषी सूट, घालून उभा राहायचा आणि शेजारी दांडीवर टांगलेल्या गाऊनकडे बोट दाखवत ती पात्रं करायचा. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये काम करताना आजारी पडला आणि साधारण दहा दिवसांनी, 7 मार्च 1941 ला, आपल्या फ्लॅटमध्ये गेला.