इंजिन ऑइलमध्ये धातूचा कण सापडला, तर तो कुठला हे कसे ओळखावे

मोटरसायकलचे जुने ऑइल काढल्याबरोबर डब्यात ओतून देऊ नये. इंजिन न उघडता आत काय झिजते आहे हे सांगणारी इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. ड्रेन बोल्टच्या (इंजिनाच्या तळाशी असलेल्या, ऑइल काढण्याच्या बोल्टच्या) टोकावर किंवा पातेल्याच्या तळाशी चकाकणारा कण दिसला, तर घाबरून जाण्याआधी किंवा ‘जुन्या गाडीत असे निघतेच’ म्हणून सोडून देण्याआधी तो कशाचा आहे हे ठरवावे. आधी धातू ओळखावा, मग आकार पाहावा आणि प्रमाणाचा विचार शेवटी करावा. प्रमाणावरून सुरुवात केली की अंदाज हमखास चुकतो.

आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत एकच ऑइल इंजिन, गिअर बॉक्स आणि क्लच या तिघांना पुरते. त्यामुळे ड्रेनमधून निघालेला पोलादी तुकडा कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) असू शकतो, तसाच गिअरच्या दाताचा किंवा किकच्या रॅचेटचाही (किक एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी भागाचाही) असू शकतो. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये गिअर बॉक्सचे आणि क्लचकडील चेनकेसचे ऑइल वेगळे असल्याने तुकडा कोणत्या बोल्टखाली सापडला यावरूनच अर्धे उत्तर मिळते. इतर गाड्यांत ही सोय नाही, म्हणून कण नीट पाहण्याला पर्याय राहत नाही.

इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून ऑइल कोमट करावे, म्हणजे तळाशी बसलेला गाळ त्याबरोबर बाहेर येतो. बोल्ट सोडण्याआधी त्याच्या भोवतीची माती ब्रश आणि रॉकेलने साफ करावी, कारण रस्त्यावरची वाळू आत गेली किंवा पातेल्यात पडली तर पुढचे सगळे निदान बिघडते. पातेले घासून कोरडे केलेले असावे. गळणे थांबल्यावर ते ऑइल पांढऱ्या सुती कापडातून गाळावे, कापडावर राहिलेला गाळ थोड्या रॉकेलने धुवावा आणि उन्हात भिंगाखाली पाहावा. हीरो होंडाने १९९४ साली आणलेल्या स्प्लेंडरसारख्या ९७.२ सीसीच्या इंजिनांत कागदी फिल्टर नसतो. तिथे ऑइल एका जाळीतून आणि क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकावर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल फिल्टरमधून जाते, आणि जड कण त्या फिल्टरच्या भिंतीला घट्ट थरासारखे चिकटून बसतात. त्यामुळे अशा गाडीत ड्रेनचे ऑइल स्वच्छ दिसले तरी शंका असल्यास क्लच कव्हर काढून हा फिल्टर आणि जाळी पाहावीच. ज्या गाडीत कागदी फिल्टर आहे, तिथे तो ब्लेडने कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात.

आता लोहचुंबक घ्यावा आणि तो पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच गाळावर फिरवावा, नाहीतर चिकटलेला कीस नंतर सुटता सुटत नाही. चिकटणारे कण पोलादाचे किंवा बिडाचे, म्हणजे गिअर, शाफ्ट, बेअरिंग, कॅम, रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा दांडा), टायमिंग चेन (कॅम फिरवणारी साखळी), क्लचच्या पोलादी प्लेटा, पिस्टन रिंग किंवा बोअरच्या बिडाच्या लायनरचे असतात. न चिकटणारे चंदेरी, हलके कण बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन, हेड, क्रँककेस (क्रँक आणि गिअर ज्यात बसतात ते इंजिनाचे कवच), कव्हर किंवा क्लचच्या बास्केटचे असतात. पिवळे किंवा तांबूस कण बुश किंवा बेअरिंगच्या पितळी केजकडे (आतल्या गोळ्या जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याकडे) बोट दाखवतात. काही इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या केजवर तांब्याचा मुलामा असतो, तो सुटला तरी असाच रंग दिसतो. काळे, बोटाने दाबताच मऊ लागणारे तुकडे टायमिंग चेनच्या गाइडचे किंवा टेन्शनरच्या रबराचे असतात आणि इंजिन पूर्वी उघडलेले असेल तर सिलिकॉन सीलंटचे धागेही निघतात. हे धातू नाहीत म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण जाळी तुंबवून ऑइलचा पुरवठा तोडण्याचे काम तेच सर्वांत लवकर करतात.

कण ॲल्युमिनियमचा आहे की नाही याची खात्री हवी असेल, तर कॉस्टिक सोड्याची परीक्षा आहे. काचेच्या वाटीत पाणी घेऊन त्यात थोडा सोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. पूर्ण ऑइल काढलेला कण त्यात सोडावा. ॲल्युमिनियम असल्यास त्यावर बुडबुडे उठतात, पोलाद, तांबे आणि पितळ मात्र स्वस्थ पडून राहतात. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्यावर, आगीपासून दूर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे, आणि लहान मुले आसपास असतील तर करूच नये.

आकार मात्र धातूपेक्षाही जास्त बोलतो. चुंबकी ड्रेन बोल्टवरची करडी लोणी-लोणी पेस्ट बोटांत चोळली असता शिसपेन्सिलीच्या पुडीसारखी गुळगुळीत लागली, तर ती नेहमीची झीज आहे; रवाळ लागली तर नाही. खपलीसारखे पातळ तुकडे, ज्यांची एक बाजू आरशासारखी आणि दुसरी खरबरीत असते, ते बेअरिंगच्या किंवा कॅमच्या कठीण केलेल्या पृष्ठभागावरून सुटलेले असतात, आणि एकदा सुटू लागले की थांबत नाहीत. जाड तुकड्याची तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी दाणेदार आणि करडी दिसली, तर तो गिअरच्या दाताचा उडालेला टवका समजावा. काही मिलिमीटर लांबीची गोल, गुळगुळीत सळई निघाली तर ती नीडल बेअरिंगची (गोळ्यांऐवजी बारीक सळया असलेल्या बेअरिंगची) असते. अशा वेळी गाडी किक मारून ‘बघू या’ म्हणणे फार महागात पडते.

माझ्या शंभर सीसीच्या गाडीतून एकदा नखाच्या कडेएवढी, चंद्रकोरीसारखी वाकलेली चंदेरी पट्टी निघाली आणि पिस्टन रिंग तुटली या धास्तीने मी इंजिन खोलायला निघालो होतो. चुंबक फिरवला तर ती चिकटेना, आणि रिंग तर चिकटायलाच हवी होती. भिंगाखाली तिच्या आतल्या बाजूला सारख्या अंतराच्या बारीक रेघा दिसल्या. ते क्रँककेसच्या ड्रेन बोल्टच्या भोकातले आटे होते. आधीच्या खेपेला एका गॅरेजमध्ये ड्रेन बोल्ट गरजेपेक्षा फार आवळला गेला होता आणि ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर उपटून आले होते. इंजिनाच्या आत काहीच झाले नव्हते. तिथे आट्यांचा इन्सर्ट, म्हणजे नवे आटे असलेली नळी, बसवून आणि नवा वॉशर टाकून काम भागले.

प्रमाणाचा विचार किलोमीटर पाहून करावा. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला, म्हणजे साधारण ५०० ते ७५० किलोमीटरवर, ऑइलमध्ये बारीक चमक दिसणे स्वाभाविक आहे, कारण भाग एकमेकांवर बसत असतात. इंजिनाचे मोठे काम नुकतेच झाले असेल तरीही तसेच. पुढे तीच चमक दिसू लागली, तर नवे ऑइल भरून दोन-तीनशे किलोमीटर सावकाश चालवावे आणि पुन्हा काढून तसेच गाळून पाहावे. कमी झाली तर ठीक, तेवढीच राहिली किंवा वाढली तर इंजिन उघडावे. नखात पकडता येईल एवढा मोठा धातूचा तुकडा निघाला आणि तो आट्यांचा किंवा वॉशरचा नाही अशी खात्री झाली, तर मात्र इंजिन सुरू करू नये. तुकडा गिअरच्या दातांत अडकला की क्रँककेसच फुटू शकते.

सापडलेले सगळे कण नाण्याशेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढावा, कण एका डबीत ठेवावेत आणि डबीवर तारीख व किलोमीटर लिहून ती मेकॅनिकला दाखवावी. गिअर घसरतो का, वरून टकटक येते का, किक मध्येच सुटते का, हेही सांगावे. उघडण्याचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची, झाकणे काढून रॉकर दिसतात तेवढे पाहावेत, मग क्लच कव्हर काढून क्लच, किकचे रॅचेट आणि फिल्टर पाहावेत, त्यानंतर हेड आणि बोअर. क्रँककेस दुभागणे सर्वांत शेवटी. दुरुस्ती झाल्यावर ऑइलचे मार्ग धुऊन हवा मारलेली असावी, आणि पहिले ऑइल शंभर किलोमीटरच्या आतच काढून पुन्हा पांढऱ्या कापडातून गाळून पाहावे.