पायथन २ मधला जुना प्रोग्रॅम पायथन ३ वर नेताना

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २ या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यावरचा प्रोग्रॅम हलवताना घाई करू नका, कारण सगळ्यात वाईट चुका एरर न देता होतात.

आधी कोड २.७ वर आणा आणि महत्त्वाच्या हिशोबांच्या चाचण्या लिहून काढा. मग कमांडमध्ये ‘वजा ३’ (-3) हा पर्याय देऊन प्रोग्रॅम २.७ वरच चालवा. पुढे काय अडेल याच्या बऱ्याच सूचना तिथेच मिळतात. प्रोग्रॅम वापरतो ती प्रत्येक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) नव्या आवृत्तीत मिळते का, तेही आत्ताच बघा. प्रिंटसारखे ठरावीक बदल ‘टू-टू-थ्री’ (2to3) हे कोड बदलणारं साधन करून देतं, पण ३.१३ पासून ते पायथनसोबत येत नाही, म्हणून ३.१२ हाताशी ठेवा.

भागाकार मात्र स्वतः तपासा. ७ भागिले २ याचं उत्तर आधी ३ यायचं, आता ३.५ येतं. पूर्णांकच हवा असेल तिथे दोन तिरक्या रेघा (//) द्या. संख्या जवळच्या पूर्णांकात आणणारं राउंडही बदललंय: २.५ चे पूर्वी ३ व्हायचे, आता २ होतात, कारण बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे जाते. बिलांच्या कोडमध्ये हे फार महागात पडतं; तिथे डेसिमल (दशांश संख्या अचूक ठेवणारा प्रकार) वापरा आणि राउंडिंगची पद्धत स्वतः ठरवून द्या.

मजकूर आणि बाइट्स (संगणकात साठवलेला कच्चा डेटा) आता वेगळे आहेत. फाइल किंवा नेटवर्कवरून बाइट्स आत येताक्षणी डीकोड करा, म्हणजे त्यांचा मजकूर करा; बाहेर जाताना एन्कोड करा, म्हणजे मजकुराचे पुन्हा बाइट्स करा. मजकुराची फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट्स करण्याची पद्धत) स्पष्ट लिहा, नाहीतर एका मशीनवर नीट दिसणारं देवनागरी दुसऱ्यावर बिघडू शकतं.