चरबीचा उग्र वास कसा घालवला

इथे पेनसिल्व्हेनियात शेतकरी बाजारातून कुरणात वाढलेल्या डुकराची ४ पौंड चरबी आणली. तूप कढवायचा हात बसलेला, त्यामुळे लार्डही (म्हणजे डुकराची कढवून गाळलेली चरबी) जमेल असं धरून चालले. मोठे तुकडे, मोठी आच. झालं! पिवळसर रंग आणि उग्र वास. ॲपल पायच्या पारीत तो कसा चालणार?

टाकून द्यायचं जिवावर आलं. मग तो गोळा तेवढ्याच पाण्यात २ चमचे मीठ घालून वितळवला, १० मिनिटं उकळला आणि पातेलं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी वर घट्ट थर, खाली गढूळ पाणी. थराच्या बुडाची करडी साय सुरीने खरवडली आणि हेच पुन्हा एकदा केलं. वास बराच गेला, रंग थोडा राहिलाच. शेवटी लार्डमध्ये उरलेलं पाणी मंद आचेवर पूर्ण आटवलं. ओल राहिली तर लार्ड लवकर खराब होतं.

दुसऱ्या खेपेला मूत्रपिंडाभोवतीचीच चरबी मागितली. अर्धवट गोठवून बारीक चिरली, अर्धी वाटी पाणी घातलं, सगळ्यात मंद आचेवर ३ तास. तुकडे तांबूस व्हायच्या आत गाळलं. थंड झाल्यावर पांढरंशुभ्र! उरलेली बेरी (दुसरं काय म्हणणार?) परत परतून, मीठ लावून, ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपली.